पट्टी आंघोळीनंतरच निघेल

माणूस सांभाळायला परवाना लागतो हे मला वयाच्या सत्तेचाळिसाव्या वर्षी कळलं. तोवर माझ्या हाताखालून पाच म्हातारी माणसं गेली होती. चौघांच्या तोंडात शेवटचं पाणी मी घातलं. पाचव्या बाई लेकीकडे नाशिकला गेल्या, त्या अजून फोनवर माझ्याशी भांडतात. आणि आता सरकार म्हणतं, सारिका कुंभार, आधी सिद्ध करा तुम्हाला माणूस सांभाळता येतो ते.

बरं बाबा, करते. मी काही परीक्षेला घाबरणारी बाई नाही. दहावीचा दाखला शोधून काढला, पोलिसांकडून चारित्र्याचा दाखला आणला, प्रथमोपचाराचं तीन दिवसांचं शिबिर केलं. तिथे रबरी बाहुल्याची छाती दाबून दाबून माझी मनगटं सुजली. मग लेखी परीक्षा. अंथरुणाला खिळलेल्या माणसाची कूस किती तासांनी बदलावी? घोट चुकीच्या वाटेनं जाऊ नये म्हणून हनुवटी कशी ठेवावी? वृद्ध माणसाच्या त्वचेवर चिकटवलेली पट्टी कशी काढावी?

या शेवटच्या प्रश्नाला मी अख्खं पान लिहिलं. आधी खोबरेल लावावं, मुरू द्यावं, कोमट पाण्याची आंघोळ झाल्यावर कडेकडेनं सोडवावी, दुसऱ्या हातानं कातडी दाबून धरावी. कोरडी ओढली तर पट्टीबरोबर कातडीही निघून येते. हे मला पुस्तकानं शिकवलेलं नाही. आमच्या आण्णांच्या डाव्या दंडावर दोन बोटं रुंदीचा पांढरा डाग आहे. दवाखान्यातून घरी सोडताना कुणा घाईतल्या माणसानं चिकटपट्टी सर्रकन ओढली, त्याचा तो डाग. तीन आठवडे ती जखम मी धूत होते. तेव्हापासून आमच्या घरात नियमच आहे, अंगाला चिकटलेलं काहीही दुसऱ्या दिवशीच्या आंघोळीनंतरच निघेल.

लेखीत मला शंभरपैकी एक्क्याऐंशी पडले. नापास झाले ती प्रात्यक्षिकात.

आण्णा म्हणजे भूपाल चौगुले, वय त्र्याऐंशी. इचलकरंजीत चाळीस वर्षं यंत्रमागाचे जॉबर होते. जॉबर म्हणजे बंद पडलेला माग चालू करून देणारा माणूस. नुसता खडखडाट ऐकून कुठला नट ढिला झालाय ते सांगायचे म्हणे. चौदा महिन्यांपूर्वी त्यांच्या उजव्या अंगावरून वारं गेलं. बायको आधीच वारलेली, एकुलती लेक त्रिशला पुण्यात. मी त्यांच्याच घरी राहते, स्वयंपाकघरात झोपते. आण्णांच्या उशाशी एक पितळी घंटा ठेवली आहे. ती वाजली की मी हातातलं टाकून धावते.

पहिल्याच आठवड्यात मी त्यांना विचारलं होतं, "आण्णा, तुम्हाला नेमकं काय पाहिजे ते एकदा सांगून टाका. म्हणजे मला त्या बेतानं वागता येईल."

जीभ जड झाली होती, तरी शब्द स्पष्ट होते. "मोरीपर्यंत माझा मी जायला पायजे. दुसरं काय नको."

खाटेपासून मोरीपर्यंत बारा पावलं आहेत, मी मोजली आहेत. चौदा महिन्यांत आम्ही नऊवर आलो होतो. नऊ पावलं आण्णा भिंतीला धरून स्वतः टाकायचे आणि दहाव्याला माझा खांदा पकडायचे. पकडताना दरवेळी मला एक शिवी हासडायचे. मी पण त्यांना उलट ऐकवल्याशिवाय सोडत नव्हते.

आता ही परीक्षेची पट्टी काय भानगड आहे ते सांगते, कारण पुढचं सगळं तिच्यावरच अडलं.

अंगठ्याएवढी पारदर्शक चकती असते. छातीवर डाव्या बाजूला चिकटवायची. माणूस घाबरला, दुखावला, ताणाखाली आला की अंगात काही रसायनं वाढतात आणि त्यांचा अगदी बारीकसा अंश घामात उतरतो. तो घाम आपल्या डोळ्यांना दिसत नाही, पण पट्टीला पुरतो. शिवाय ती हृदयाच्या दोन ठोक्यांमधलं अंतर मोजते, कातडीची ऊब मोजते, स्नायू किती आवळलेत ते बघते. या सगळ्याचा हिशेब करून ती शून्य ते शंभरमधला एक आकडा देते, त्याला म्हणतात ताणांक. शांत झोपलेल्या माणसाचा दहा-बारा, दाढ दुखणाऱ्याचा पन्नास.

यंत्र वाईट नाही, खोटं कशाला बोलू. ज्यांची वाचा गेली, ज्यांना स्वतःचं नावही आठवत नाही, अशा माणसांसाठी ते काढलं होतं. कुठे दुखतंय हे त्यांना सांगता येत नव्हतं, ते पट्टी सांगायला लागली. जयसिंगपूरला एक बाई आपल्या ताब्यातल्या आजींना चिमटे काढायची, ती या पट्टीनंच सापडली. मी तेव्हा देवापुढे साखर ठेवली होती.

पण मग कुणाच्या तरी डोक्यातून निघालं की याच आकड्यावर सांभाळणाऱ्याची परीक्षा घ्यावी. चाळीस मिनिटं म्हाताऱ्या माणसाला पट्टी लावायची, सांभाळणाऱ्यानं त्याला उठवायचं, हातपाय धुवायचे, जेवू घालायचं. ताणांकाची सरासरी तीसच्या आत आली तर पास.

झालं! बायका आकडा सांभाळायला शिकल्या. उठायला त्रास होतो ना, मग उठवूच नका. घास तोंडाशी न्यायला हात थरथरतो ना, मग भरवा. कशालाही नाही म्हणू नका. आमच्या मागच्या गल्लीत सरोजिनीकाकू दिवाळीत काठी टेकत देवळात जायच्या. त्यांच्याकडे बारा ताणांकवाली, पहिल्या नंबरात पास झालेली बाई आली. रंगपंचमीपर्यंत काकू खाटेला लागल्या. ताणांक नऊ! बाईचा सत्कार झाला. त्या दिवशी मी एवढी चिडले की आमटीत मीठ दोनदा पडलं.

माझी पहिली परीक्षा मार्गशीर्षात झाली. आण्णा जैन. सूर्य मावळला की ते अन्नाला शिवत नाहीत, लहानपणापासूनचा नेम आहे. आणि जेवायचं तर स्वतःच्या उजव्याच हातानं, हा त्यांचा हट्ट आणि माझीही त्याला साथ. एरवी आम्ही साडेचारलाच ताट घेऊन बसतो. पण परीक्षेची वेळ कार्यालयानं दिली साडेपाचची. आण्णांचा हात थरथरत होता, खिडकीतलं ऊन सरकत होतं आणि त्यांचा अर्धा जीव त्या उन्हात अडकलेला. अर्धी भाकरी ताटात असताना सूर्य मावळला. आण्णांनी ताट सरकवलं. मी ते आत ठेवून येईपर्यंत परीक्षक मॅडमनी पट्टी कोरडीच ओढून काढली होती, कातडी आठवडाभर लाल होती. सरासरी चौसष्ट. नापास.

दुसऱ्यांदा नापास झालं तर वर्षभर परत बसता येत नाही आणि विनापरवाना कुणाला सांभाळता येत नाही. म्हणजे माझं काम जाणार. आणि आण्णा जाणार कोल्हापूरच्या एका वृद्धनिवासात, जिथे सगळ्याच बायका बारा ताणांकवाल्या. त्रिशलानं तिथे जागा धरून ठेवली होती. तिचं तरी काय चुकलं? कायद्यापुढे ती काय करणार.

पौषात पुन्हा तारीख आली. वेळ तीच, साडेपाच. बदलून मागितली तर म्हणाले, यंत्रणा देते ती वेळ.

आदल्या दिवशी त्रिशलाचा फोन आला. "सारिकाताई, चाळीस मिनिटांचा प्रश्न आहे. भरवा त्यांना. नाटक समजा. परवापासून तुम्ही तुमच्या पद्धतीनं करा, मी एक शब्द बोलणार नाही."

"ऐकतील का ते?"

"तुम्ही भरवलं तर ऐकतील. ताई, मला बाबांना कुठेही पाठवायचं नाहीये हो." मी हो म्हटलं. दुसरं काय म्हणणार होते?

फोन ठेवून वळले तर आण्णा माझ्याकडेच बघत होते. कान अजून जॉबरचेच आहेत त्यांचे.

"उद्या गप पडतो मी," ते म्हणाले. "भरव तू. तोंड उघडतो, गिळतो."

"आण्णा..."

"मला दुसरी बाई नको. आणि त्या निवासात तर मी जाणारच न्हाई. तू पास हो."

एवढं बोलून त्यांनी भिंतीकडे तोंड फिरवलं. मला त्यांचा राग आला, कायद्याचा आला, सगळ्यात जास्त माझाच आला. मी स्वयंपाकघरात जाऊन उगाच भांडी घासली.

परीक्षेला हेरवाडे मॅडम आल्या. तिशीतली मुलगी, नीट बांधलेले केस, हातात टॅबलेट. मागच्या वेळीही त्याच होत्या. त्यांनी आण्णांच्या छातीवर पट्टी चिकटवली आणि कोपऱ्यात खुर्ची घेऊन बसल्या. टॅबलेटवरचा आकडा मला दिसेल असा ठेवला होता, तसा नियमच आहे. सव्वीस.

मी आण्णांना उचलून बसवलं. रोज ते खाटेची कड धरून स्वतः उठतात. आज मीच उचललं. चोवीस. ओल्या फडक्यानं हातपाय पुसले. एकवीस. मॅडमच्या चेहऱ्यावर थोडं हसू आलं. त्यांनाही मी पास व्हायला हवं होतं असं मला वाटलं.

मग ताट आणलं. ज्वारीची भाकरी, दोडक्याची भाजी, मुगाची आमटी. भाकरी मी कुस्करली, आमटीत कालवली, चमचा भरला आणि त्यांच्या तोंडाशी नेला. आण्णांनी डोळे मिटले आणि तोंड उघडलं.

अठरा.

दुसरा चमचा. सतरा. त्यांचा उजवा हात मांडीवर पालथा पडला होता. रोज जेवणाच्या वेळी तो हात वळवळत असतो, ताटाकडे निघालेला असतो. आज तो नुसता पडला होता. चौदा महिने मी त्या हाताशी भांडले, त्याला तेल चोळलं, त्याच्याकडून वाटाणे सोलून घेतले. आणि आता मीच त्याला झोपवत होते, आणि आकडा सांगत होता, शाबास!

तिसरा चमचा मी तोंडाशी नेला नाही. ताटात ठेवला.

"आण्णा, डोळे उघडा."

त्यांनी उघडले.

"सूर्य मावळायला अजून पस्तीस मिनिटं आहेत. दुसरी भाकरी अख्खी आहे. तुमची तुम्ही मोडा."

"येडी झालीस काय?" आण्णा खेकसले. "नापास हुशील!"

"होईन. पण माझ्या हातून हे नाही व्हायचं. मोडा भाकरी."

आकडा पन्नासवर गेला. मॅडम खुर्चीत ताठ झाल्या. आण्णांनी माझ्याकडे असं बघितलं, की मला वाटलं ताट भिरकावतात. मग तो उजवा हात उठला. थरथरत, अडखळत भाकरीवर गेला. पहिला तुकडा निसटला, खाली पडला. मी उचलला नाही. माझे हात मी मांडीखाली दाबून बसले होते, खरं सांगते, नाहीतर हातांनी ऐकलं नसतं. बासष्ट. दुसरा तुकडा तोंडाशी पोहोचला, अर्धी भाजी शर्टवर. सत्तर.

"हनुवटी खाली," मी म्हणाले. "सावकाश."

"मला शिकवू नकोस."

"शिकवणार. हनुवटी खाली!"

खिडकीतलं ऊन कपाटावर चढलं. आण्णा घामानं निथळत होते. सहा वाजून पंधरा मिनिटांनी सूर्यास्त होता. परीक्षेची चाळीस मिनिटं सहा-दहालाच संपली, टॅबलेटनं टुंग केलं, तरी मॅडम उठल्या नाहीत. सहा-बाराला आण्णांनी शेवटचा घास गिळला, पाणी प्यायले आणि रिकामं ताट माझ्याकडे ढकललं. असं ढकललं, की मी रडायला लागले.

"सरासरी चोपन्न," मॅडम हळू आवाजात म्हणाल्या. "सॉरी, सारिकाताई. मी काही करू शकत नाही." मग त्या खाटेजवळ आल्या. "पट्टी काढून घेते. परीक्षा झाल्यावर लगेच जमा करायची असते."

त्यांनी पट्टीच्या कडेला नख लावलं आणि मी त्यांचा हात धरला.

"नाही. पट्टी आंघोळीनंतरच निघेल."

"म्हणजे?"

"म्हणजे उद्या सकाळी. आत्ता तेल लावते, रात्रभर मुरेल, सकाळी कोमट पाण्यानं सुटेल. कोरडी ओढायची नाही." मी आण्णांची बाही वर केली आणि तो पांढरा डाग दाखवला. "मला नापास करायचं ते करा मॅडम. पण यांच्या कातडीला मी हात लावू देणार नाही. तुमच्याच लेखी परीक्षेत विचारलं होतं. त्या उत्तराला मला पैकीच्या पैकी मार्क मिळालेत."

मॅडम डागाकडे बघत राहिल्या. "आम्ही तर रोज दहा-दहा जणांच्या ओढून काढतो," त्या म्हणाल्या, आणि जरा वरमल्या. मग टॅबलेट बंद न करता पिशवीत ठेवला. "सकाळी साडेआठला येते."

त्या रात्री मी माझी बॅग भरली. त्रिशलाला फोन करायचं धाडस झालं नाही.

साडेआठला मॅडम आल्या तेव्हा आण्णांची आंघोळ झाली होती आणि मी पट्टीची कड सोडवायला बसले होते. मॅडमनी टॅबलेट उघडला आणि त्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या.

"ही तर रात्रभर नोंद करत होती."

"मग? लावलेलीच होती ना."

"तसं नाही हो. आम्ही चाळीस मिनिटांनी काढतोच, त्यामुळे पुढचं कुणी कधी बघितलेलंच नाही." त्यांनी बोटानं आलेख सरकवला. "हे बघा. जेवणाच्या वेळी सत्तरपर्यंत. मग सात वाजता बावीस. नऊला अकरा. आणि रात्रभर आठ, नऊ, आठ." त्या खाली बसल्या. "परीक्षेच्या आधी ते सव्वीसवर होते. एवढा ताण दिल्यावर आकडा मूळच्याही खाली गेलाय."

मला त्यातलं जेवढं कळलं तेवढं सांगते. भीतीनं धडधडलं काय आणि जिना चढून धडधडलं काय, शरीर रसायनं तीच सोडतं. पट्टीला त्या क्षणी फरक कळत नाही. फरक नंतर कळतो. ज्याला घाबरवलं, ज्याचा पाणउतारा केला, त्याचा आकडा रात्रभर वर राहतो, झोप तुटते. आणि ज्यानं स्वतः कष्ट करून काही तडीस नेलं, त्याचा आकडा उतरतो आणि तळाशी जाऊन निवांत पडतो. पण त्यासाठी थांबायला लागतं. चाळीस मिनिटांत कुणी थांबलंच नव्हतं.

"एक मिनिट," मॅडमचा सूर बदलला. "पहाटे पाच-दहाला हे काय? आठवरून एकदम सहासष्ट. दहा मिनिटं." त्यांनी माझ्याकडे रोखून बघितलं. "पहाटे पाचला तुम्ही उठवलंत त्यांना? याचं कारण मला लिहावं लागेल."

"मी? मी तर पावणेसहाला उठले! रडून रडून मेल्यागत झोपले होते. घंटा वाजली असती तर..."

मी आण्णांकडे बघितलं. आण्णा छताच्या पंख्याकडे बघत होते. पंखा बंद होता.

"आण्णा?"

"काय हाय?"

"पहाटे काय झालं? कुठे दुखलं का? स्वप्न पडलं?"

"काय न्हाई झालं. मोरीत गेलो हुतो."

माझ्या हातातली तेलाची वाटी कलंडली. "कुणाबरोबर?"

"कुणाबरोबर म्हंजे? माझा मी. बारा पावलं. येताना बारा." डावा हात त्यांनी असा हलवला, जसं काही भाजी आणायला गेले होते.

मग मला जो राग आला! "पडला असता म्हणजे? अंधारात, ओल्या फरशीवर! डोकं फुटलं असतं! मी काय मेले होते का? चौदा महिने रात्री-अपरात्री धावतेय ती कशाला? वेड लागलंय तुम्हाला, आण्णा, पार वेड लागलंय!" मी ओरडत होते आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं, आणि आण्णा हसत होते. वारं गेल्यापासून त्यांचं हसू एकाच बाजूनं येतं, पण त्या दिवशी ते मला पुरतं दिसलं.

मग डोळे पुसून पट्टी मी कडेकडेनं सोडवली. कातडीवर साधी रेघही उमटली नाही. पट्टी सुटली तशी टॅबलेटनं नोंद बंद केली आणि लावल्यापासून काढेपर्यंतची सरासरी आपोआप दाखवली. सतरा. खाली हिरव्या अक्षरांत, उत्तीर्ण.

मॅडमनी टॅबलेट माझ्याकडे वळवला. "यंत्र म्हणतंय पास. कार्यालय विचारेल की पट्टी पंधरा तास का ठेवली."

"मग काय सांगणार?"

"त्वचेचं रक्षण, अभ्यासक्रमात शिकवल्याप्रमाणे." त्या लिहायला लागल्या. "आणि सगळा आलेख जोडणार आहे. तिथे कुणीतरी तो बघायलाच हवा." मी सरोजिनीकाकूंचं सांगितलं, तशी म्हणाल्या, "त्यांचाही पत्ता द्या मला." मग पुन्हा त्या पहाटेच्या टोकावर बोट ठेवून त्यांनी कारणाची चौकट उघडली, दोन शब्द लिहिले आणि मला दाखवले. *स्वतः चालले.*

त्या गेल्यावर मी त्रिशलाला फोन केला आणि दोघी मिळून रडलो. बॅग रिकामी केली. मग आण्णांसमोर खुर्ची घेऊन बसले, कारण एक गोष्ट मला आतून टोचत होती.

"एवढं एकच सांगा. घंटा उशाशी होती. हात लांब केला की पुरते. का नाही वाजवली?"

आण्णा म्हणाले, "वाजवली असती तर तू आली असतीस."

मी उठून ती घंटा उचलली आणि खिडकीत ठेवली, खाटेपासून चार पावलांवर.